दर शुक्रवारी बंद पडणारं उंच घड्याळ: यंत्र उघडण्याआधी पेटी तपासा

तक्रार जवळपास नेहमी त्याच शब्दांत येते. जुनं इंग्लिश उंच पेटीचं घड्याळ आहे, आठ दिवसांचं, म्हणजे एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं. रविवारी सकाळी चावी दिली की चार-पाच दिवस व्यवस्थित चालतं, वेळ बरोबर, टोलेही बरोबर. मग गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी केव्हातरी लंबक थांबलेला दिसतो. हाताने ढकलला तर थोडा वेळ हलतो आणि पुन्हा थांबतो. पूर्ण चावी दिली की पुढचे पाच दिवस पुन्हा कुठलीच कुरकुर नाही. दुरुस्तीला दिलं तर कारागीर सांगतो की माझ्याकडे तर न थांबता चाललं. घरी आणून उभं केलं की पहिल्याच शुक्रवारी पुन्हा बंद.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो आणि जुन्या घड्याळांचं काम आवडीने करतो, त्यामुळे इथल्या मराठी घरांतून असे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. अलीकडचं उदाहरण लेस्टरमधल्या एका मित्राच्या घरचं. लिलावात घेतलेलं सुंदर घड्याळ, चंदेरी झिलईची पितळी तबकडी, आणि तिच्यावर कोरलेलं घडवणाऱ्याचं नाव आणि गाव: व्हाइटहर्स्ट, डर्बी. एका कारागिराकडे ते दोनदा जाऊन आलं होतं, साफसफाई झाली होती, दोऱ्याही नव्या होत्या. तरी शुक्रवार काही चुकत नव्हता. मित्राची आई साताऱ्याहून आली होती. घरात घड्याळ बंद पडलेलं त्यांना बघवेना, आणि विकून टाकण्यापर्यंत गोष्ट आली होती.

अशा वेळी माझं सांगणं ठाम आहे. ठराविक वारी बंद पडणाऱ्या घड्याळाचा दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतो. ते घड्याळ कशावर आणि कशाला धरून उभं आहे, त्यात असतो. म्हणून पेचकस यंत्राला लावू नका, आधी पेटीकडे बघा.

बंद पडल्यावर लगेच काय बघायचं

घड्याळ थांबलेलं दिसलं की चावी देण्याचा मोह आवरा. पेटीचं पुढचं दार उघडा. आत दोऱ्यांवर दोन वजनं लटकलेली असतात, एक घड्याळ चालवतं आणि दुसरं टोले. ती किती खाली आली आहेत ते बघा. लंबकाच्या गोळ्याच्या तुलनेत ती कुठे आहेत? पेटीच्या आतल्या बाजूला खडूने बारीक खूण करा आणि वार, वेळ लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात थांबेल तेव्हा पुन्हा बघा. वजनं त्याच उंचीला असतील आणि ती उंची गोळ्याच्या आसपासची असेल, तर निदान जवळजवळ झालंच.

आणखी खात्री हवी असेल तर मुद्दाम एकदा वार बदलून बघा. चावी रविवारऐवजी बुधवारी द्या. घड्याळ आता सोमवारी किंवा त्याच्या आगेमागे थांबलं, तर शुक्रवारशी त्याचं काही वैर नव्हतं हे स्पष्ट होतं. थांबण्याचा संबंध वजनाच्या उंचीशी आहे.

वजन त्या पातळीला आलं की काय होतं

इथे थोडा हिशोब करावा लागेल, पण तो फार सुंदर हिशोब आहे. बहुतेक इंग्लिश आठ दिवसांच्या घड्याळांत दोरी गुंडाळायच्या पिंपासोबतच्या मोठ्या चाकाला 96 दाते असतात. ते मधल्या दांड्याच्या 8 दात्यांच्या चाकाला फिरवतं, म्हणजे पिंपाचा एक फेरा 12 तासांत पुरा होतो. मधला दांडा तासाला एकदा फिरतो, त्याच्यावरच मिनिटकाटा बसतो. त्याचं 60 दात्यांचं चाक पुढच्या 8 दात्यांना, आणि तिथलं 56 दात्यांचं चाक शेवटच्या 7 दात्यांना फिरवतं. 60 भागिले 8, गुणिले 56 भागिले 7, म्हणजे बरोबर 60. शेवटचं चाक मिनिटाला एक फेरा करतं. त्याला 30 दाते असतात आणि प्रत्येक दाता अँकरच्या, म्हणजे लंबकाबरोबर डुलत त्या चाकाला एकेक दाता सोडणाऱ्या तुकड्याच्या, दोन टोकांना एकेकदा अडतो, म्हणून मिनिटाला 60 ठोके पडतात. एका ठोक्याला एक सेकंद घेणारा लंबक सुमारे 994 मिलिमीटरचा, म्हणजे मीटरला थोडा कमी.

पिंपावर साधारण 16 वेढे बसतात. 16 गुणिले 12 तास म्हणजे 8 दिवस. पिंपाचा व्यास दोन इंचांच्या आसपास धरला, तर एका फेऱ्याला सुमारे 16 सेंटिमीटर दोरी सुटते. वजन कप्पीवर लटकलेलं असल्यामुळे ते त्याच्या निम्मं उतरतं. म्हणजे वजन दिवसाला साधारण 16 सेंटिमीटर खाली येतं. पूर्ण चावी दिल्यावरही वजनाचा मध्य यंत्राच्या फळीखाली, म्हणजे यंत्र ज्या आडव्या फळीवर बसतं तिच्याखाली, वीतभर असतोच. त्यात पाच दिवसांचे 80 सेंटिमीटर मिळवा. पाचव्या दिवसाच्या आसपास वजन फळीखाली सुमारे एक मीटरवर लटकत असतं.

आता हे वजन स्वतःच एक लंबक झालेलं असतं, आणि त्याची लांबी खऱ्या लंबकाइतकीच. दोघांच्या हेलकाव्याचा काळ एकच. शाळेत आपण ज्याला अनुनाद म्हणून शिकलो, तो इथे पेटीच्या आत घडतो. खरा लंबक डावी-उजवीकडे जाताना यंत्राच्या फळीला, फळी पेटीला, आणि पेटी पुन्हा वजनांना अगदी सूक्ष्म धक्के देत असते. इतर दिवशी वजनांचा काळ वेगळा असल्यामुळे हे धक्के जिरून जातात. पाचव्या दिवशी मात्र प्रत्येक धक्का नेमक्या वेळेवर पडतो आणि वजनं डोलू लागतात. ती डोलण्यासाठी लागणारी ऊर्जा लंबकाकडूनच जाते.

ही ऊर्जा किती थोडी आहे ते कळलं की घड्याळ का थांबतं ते पटतं. साडेपाच किलोचं वजन दिवसात 16 सेंटिमीटर उतरतं, म्हणजे दिवसाकाठी जेमतेम साडेआठ ज्यूल. एक लिटर पाणी कमरेपर्यंत उचलायला एवढीच ऊर्जा लागते, आणि तेवढ्यावर हे यंत्र चोवीस तास चालतं, चाकांचं घर्षण सोसतं, 86,400 ठोके देतं. हातात शिल्लक अशी काही राहतच नाही. डोलणाऱ्या वजनांनी त्यातला थोडा वाटा उचलला की लंबकाचा झोका आखूड होतो. अँकरमधून दाता सुटण्याइतकाही झोका उरला नाही की घड्याळ थांबतं. वजनं आणखी खाली उतरली असती तर हा काळ टळून गेला असता. पण घड्याळच थांबल्यामुळे ती खाली जात नाहीत, तिथेच राहतात. म्हणून हाताने ढकलूनही ते तग धरत नाही, आणि चावी दिली की लगेच सुधारतं.

ही गोष्ट नवी नाही. लंबकाचं घड्याळ ज्याने घडवलं त्या डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगन्सनेच ती पहिल्यांदा पाहिली होती. 1665 साली आजारी पडून अंथरुणात असताना त्याच्या लक्षात आलं, की एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक काही वेळाने आपोआप एकमेकांच्या नेमके विरुद्ध दिशेने, एका तालात हलू लागतात. ताल मोडला तरी ती पुन्हा जुळतात. दुवा होता तो त्यांच्या सामाईक आधाराच्या न दिसणाऱ्या हालचालीचा. तुमच्या दिवाणखान्यातही तेच चाललेलं असतं, फक्त दुसऱ्या घड्याळाच्या जागी शिशाचं किंवा बिडाचं वजन असतं.

कारागिराकडे घड्याळ का थांबत नाही, याचंही उत्तर यातच आहे. तिथे यंत्र पेटीविना, पक्क्या लाकडी किंवा लोखंडी घोडीवर चालवून बघतात. घोडी हलत नाही. कारागिराने काम नीट केलेलं असतं आणि त्याचं म्हणणंही खरं असतं.

दोऱ्याची चाचणी

पेटी हलते का, हे डोळ्यांना कळत नाही. एक सोपी चाचणी आहे. जाड दोऱ्याच्या टोकाला एखादा जड नट बांधा आणि दोऱ्याचं वरचं टोक यंत्राच्या फळीला पेटीच्या आत, लंबकापासून बाजूला, घट्ट चिकटवा किंवा बांधा. फळीपासून नटाच्या मध्यापर्यंत लांबी 99 सेंटिमीटर ठेवा. नट पूर्ण स्थिर करा, दार लावून घ्या आणि घड्याळ चालू ठेवा. अर्ध्या तासाने दार हळूच उघडून बघा. नट स्वतःहून झुलत असेल तर पेटी हलते आहे. दोरा 60 सेंटिमीटरचा केलात तर तोच नट जवळजवळ गप्प राहील. लेस्टरच्या घरी आम्ही हे केलं तेव्हा घरातली मुलं दारापाशी बसून राहिली होती, आणि नट हलायला लागल्यावर मित्राची शंका पुरती फिटली.

दुसरी खूण हाताची. पेटीच्या वरच्या भागावर तळवा हलका टेकवा. दर सेकंदाला एक मंद थरथर जाणवली, तर पेटी मोकळी उभी आहे.

पेटी भिंतीला बांधणं

ही घड्याळं मोकळी उभी राहावीत अशी अपेक्षा मुळात नव्हतीच. जुन्या पेटीच्या मागच्या फळीला आतून बघा, यंत्राच्या जरा खाली किंवा वर एक-दोन जुनी भोकं बहुधा सापडतातच. पूर्वीच्या मालकांनी तिथूनच भिंतीत खिळा किंवा स्क्रू मारलेला असतो. चांगल्या घड्याळाला पक्का आधार द्यावा ही समज फार जुनी आहे. 1676 साली ग्रिनिचच्या वेधशाळेसाठी लंडनचा घड्याळजी टॉमस टॉम्पियन याने वर्षभर चालणारी दोन घड्याळं केली, ती भिंतीच्या लाकडी आवरणामागेच बसवलेली होती. घरं बदलली, घड्याळं विकली गेली, नव्या मालकांना त्या भोकांचा अर्थ कुणी सांगितला नाही, एवढंच झालं.

इंग्लंडमधल्या घरांत अडचणी दोन. पहिली गालिचाची. इथे खोलीभर गालिचा असतो, त्याखाली मऊ थर, आणि भिंतीलगत गालिचा ताणून धरणारी खिळ्यांची लाकडी पट्टी. घड्याळाचे मागचे पाय त्या पट्टीवर चढतात आणि पुढचे मऊ भागात रुततात. पेटी पुढे झुकते. खालची जमीनही बऱ्याचदा पोकळ लाकडी फळ्यांची असते, कुणी बाजूने चाललं तरी घड्याळ हलतं. दुसरी अडचण भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीची. तिच्यामुळे पेटी भिंतीला टेकतच नाही, वर बोटभर-दोन बोटं फट राहते.

उपाय क्रमाने करा. वजनं आणि लंबक काढून ठेवा. तबकडीसह यंत्र पुढच्या बाजूला जड असतं आणि कितीतरी घड्याळांत यंत्राची फळी पेटीच्या बाजूंवर नुसती टेकवलेली असते. तिला खाली खेचून धरणारी वजनं काढली की यंत्र पुढे कोसळू शकतं. म्हणून वजनं काढताना एका माणसाने तबकडीला हात लावून उभं राहायचंच. मग पुढच्या पायांखाली कठीण लाकडाच्या पातळ चकत्या देऊन पेटी सरळ करा. ओळंबा धरून समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून तपासा. पुठ्ठा किंवा घडी घातलेला कागद वापरू नका, तो महिनाभरात दबतो.

त्यानंतर मागची फट मोजा आणि तेवढ्याच जाडीचा लाकडाचा ठोकळा करून भिंत आणि मागच्या फळीच्या मधे बसवा. जुन्या भोकातून, ठोकळ्यातून आरपार, भिंतीतल्या प्लगमध्ये स्क्रू घ्या. विटांची भिंत असेल तर उत्तम. पोकळ भिंत असेल तर आतला उभा लाकडी खांब शोधा आणि त्यातच स्क्रू मारा, नुसत्या प्लास्टरबोर्डात मारलेला स्क्रू आज ना उद्या सैल होणार. स्क्रूच्या डोक्याखाली मोठा वॉशर घाला. घट्ट करायचं ते पेटी हलेनाशी होण्यापुरतंच. आवळत गेलात तर अडीचशे वर्षांची फळी पीळ खाऊन चिरते. जुनं भोक नसेल तरच नवं पाडा, आणि तेही लहान.

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल तर घरमालकाला विचारा, एका स्क्रूला सहसा कुणी नाही म्हणत नाही. तोपर्यंत पेटीच्या तळात वाळूची जड पिशवी ठेवा, आणि मऊ गालिच्याऐवजी घट्ट जमिनीवर उभं करता येतं का बघा. त्याने फरक पडतो, पण ही सोय तात्पुरती. मधल्या काळात दर चौथ्या दिवशी चावी देत चला, म्हणजे वजन त्या पातळीपर्यंत पोचणारच नाही. कितीतरी घरांत वर्षानुवर्षं आठवड्यातून दोनदा चावी देतात, ती यामुळेच.

आणि एक उपाय अजिबात करायचा नाही: जास्त जड वजन लावणं. घड्याळ थांबतंय म्हणजे ताकद कमी पडते, असं समजून पूर्वी कुणीतरी हे केलेलं असतं. पाच-सहा किलोंच्या जागी नऊ-दहा किलो लटकलेले मी पाहिले आहेत. त्याने अँकरच्या टोकांना खड्डे पडतात, दांड्यांची भोकं लांबट होतात, दोरी तुटली तर पेटीचा तळ फुटतो. शिवाय जड वजन डोलायला लागलं की ते जास्तच ऊर्जा ओढतं.

मग ठोका, आणि वेळ सगळ्यात शेवटी

पेटी पक्की झाल्याशिवाय ठोक्याला हात लावण्यात अर्थ नाही, कारण पेटी किंचित कलली तरी ठोका बिघडतो. पेटी बांधून झाली की लंबक, मग वजनं अडकवा आणि कान देऊन ऐका. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. लंगडा आवाज येत असेल तर लंबक हाताने अगदी सावकाश डावीकडे न्या, टिक ऐकू आल्यावर किती सरकला ते बघा. तसंच उजवीकडे. दोन्ही अंतरं सारखी होईपर्यंत क्रच, म्हणजे अँकरपासून खाली येऊन लंबकाला ढकलणारी लोखंडी दांडी, किंचित वाकवायची असते. ज्या बाजूला लंबक कमी सरकवावा लागतो, त्या बाजूकडे तिला वाकवा. वाकवताना दुसऱ्या हाताने तिचं वरचं टोक पक्कं धरा, नाहीतर सगळा जोर अँकर आणि दात्यांवर येतो. आपल्याकडे जुन्या घरांत भिंतीवर टांगलेली टोल्यांची घड्याळं असतात, त्यांनाही हा नियम तसाच लागू पडतो. चुना लावायला भिंतीवरून उतरवलेलं घड्याळ परत टांगल्यावर चालेनासं होतं, ते बहुधा ठोका बिघडल्यामुळेच.

वेळेचं शेवटी बघा. लंबकाखालचा नट वर फिरवला की घड्याळ पुढे जाऊ लागतं, खाली आणला की मागे पडतं. लंबकाची लांबी एक मिलिमीटरने बदलली की दिवसाला सुमारे 43 सेकंदांचा फरक पडतो, त्यामुळे नट हलकेच फिरवा आणि दोन दिवस वाट बघा. तापमान 10 अंशांनी वाढलं तर पोलादी दांड्याचा लंबक प्रसरण पावून दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतो. हा दोष नाही, त्याच्यामागे लागू नका.

तबकडीवरचा माणूस

व्हाइटहर्स्टबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण लंबकाचा विचार त्याच्याइतका मनापासून करणारे थोडेच. जॉन व्हाइटहर्स्ट 1713 साली चेशरमधल्या काँगल्टनला जन्मला. वडीलही घड्याळजी. 1736 साली तो डर्बीत आला. परक्या गावात धंदा करायला नागरिकत्वाचा हक्क लागायचा. त्याने डर्बीच्या टाउन हॉलसाठी घड्याळ केलं आणि 1737 साली तो हक्क त्याला मिळाला. पुढे चाळीस वर्षं त्याचं दुकान डर्बीत चाललं.

पण नुसता घड्याळजी म्हणून तो ओळखला गेला नाही. बर्मिंगहॅमच्या आसपास जमणाऱ्या ल्यूनर सोसायटीत, म्हणजे विज्ञान आणि उद्योगात रमणाऱ्या मित्रांच्या मंडळात, तो होता. कारखानदार मॅथ्यू बोल्टन, डॉक्टर इरॅस्मस डार्विन, चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड ही मंडळी त्याच्या मैत्रीतली. पौर्णिमेच्या जवळ बैठक ठेवायची, म्हणजे परतीच्या वाटेवर चंद्रप्रकाश मिळतो, म्हणून मंडळाचं नाव चंद्रावरून. 1772 साली वाहत्या पाण्याच्या जोरावरच पाणी वर चढवणारं एक यंत्र त्याने चेशरमध्ये बसवलं. डर्बीशरच्या खाणींतल्या खडकांचे थर पाहून 1778 साली पृथ्वीच्या घडणीवर पुस्तक लिहिलं आणि 1779 साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. 1775 मध्ये त्याला लंडनला सरकारी काम मिळालं होतं: नाणी तोलायच्या वजनांवर शिक्का मारून ती प्रमाणित करणं. त्याच्या वयाच्या सत्तरीच्या सुमारास डर्बीच्या जोसेफ राइटने त्याचं चित्र काढलं. त्यात तो टेबलाशी बसलेला आहे, मागे धुमसता ज्वालामुखी.

मला त्याचं सगळ्यात जवळचं वाटतं ते 1787 सालचं लिखाण, मरणाच्या आदल्या वर्षीचं. लांबीचं असं माप हवं जे कुठल्या राजाच्या लोखंडी पट्टीवर अवलंबून नसेल. त्याने सुचवलं की एका मिनिटात 42 हेलकावे घेणारा लंबक घ्या आणि 84 घेणारा घ्या. त्यांच्या लांबींतला फरक निसर्गाने ठरवलेला आहे, कुणीही, कधीही पुन्हा काढून बघू शकतो. तो फरक 60 इंचांच्या अगदी जवळ येतो. दोन लंबकांतला फरक घेण्यातली खुबी अशी, की लंबकाचं टांगण्याचं टोक आणि हेलकाव्याचं केंद्र नेमकं कुठे धरायचं ही मोजणीतली मोठी अडचण त्यात बरीचशी टळते. ज्या माणसाने लंबक इतका जाणला, त्याच्या घड्याळाला पाचव्या दिवशी दम लागतो असं मानण्यापूर्वी खालचा गालिचा बघायला हवा.

घेताना एक लक्षात ठेवा. 1788 साली तो वारला, पण डर्बीतला धंदा आधी पुतण्याने आणि मग त्याच्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालवला. दोघांचंही नाव जॉनच. त्यामुळे तबकडीवर नुसतं व्हाइटहर्स्ट, डर्बी असेल तर तेवढ्यावरून काळ ठरत नाही. तबकडीचा आकार, काटे, यंत्राची घडण बघावी लागते. पेटी तर घड्याळजी करतच नसे, ते काम सुताराचं. दोनशे-अडीचशे वर्षांत एकाचं यंत्र दुसऱ्याच्या पेटीत गेल्याची उदाहरणं पुष्कळ. यंत्राच्या फळीखाली ताज्या लाकडाच्या पट्ट्या दिसल्या, किंवा तबकडी आणि तिच्याभोवतीची चौकट यांत फट दिसली, तर शंका घ्या. अशा जोडीत फळी डुगडुगते, आणि पेटी भिंतीला बांधूनही यंत्र हलतच राहतं. त्या वेळी फळीच पेटीच्या बाजूंना पक्की करावी लागते.

वार ठरलेला नसेल तर

वर सांगितलेलं सगळं फक्त ठराविक उंचीवर थांबणाऱ्या घड्याळाला लागू. थांबण्याची वेळ ठरलेली असेल, तर दुसरीकडे बघायला हवं. मिनिटकाटा तासकाट्यावरून जातानाच थांबत असेल तर काटे एकमेकांना घासतात. दर वेळी बारा ते एकच्या मधे थांबत असेल तर टोल्यांच्या बाजूची चावी संपली आहे का बघा, ती बहुधा डावीकडच्या भोकातून देतात. टोले मोजायची दातेरी पट्टी असलेल्या घड्याळात टोले बंद पडले की ती पट्टी खाली पडलेलीच राहते, आणि बारानंतर गोगलगायीच्या आकाराच्या चकतीची उंच पायरी तिला अडते. कितीतरी लोक टोले नकोत म्हणून ती बाजू चावीविना ठेवतात आणि घड्याळ बिघडलं असं समजतात. मध्यरात्रीच्या आसपास थांबत असेल तर तारखेची चकती जड झालेली असू शकते. वजन दाराला किंवा लंबकाचा गोळा मागच्या फळीला घासत असेल तर लाकडावर ओरखडा दिसतोच.

कधीही, कुठेही थांबत असेल, तर मात्र यंत्राकडे वळायची वेळ झाली. सुकलेलं तेल, झिजलेली भोकं, अँकरच्या टोकांवरचे खड्डे. हे काम जाणकाराकडेच द्या. घरचं तेल घालू नका. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली थिजायला लागतं, इंग्लंडच्या घरात तर वर्षातले कितीतरी महिने ते घट्टच असेल. गंज सोडवायचा स्प्रे जुनं तेल पातळ करून सगळीकडे पसरवतो आणि धूळ धरतो. घड्याळाचं तेल फक्त दांड्यांच्या टोकांना, सुईच्या अग्रावर मावेल एवढं. चाकांच्या दात्यांना तेल लावायचं नसतं.

भारतात न्यायचं असेल तर

परतीच्या वेळी घड्याळ सोबत नेणारी मराठी कुटुंबं मला माहीत आहेत, त्यांच्यासाठी. मुंबईत पोचल्यावर घड्याळ दिवसाला सुमारे दोन मिनिटं मागे पडू लागेल. प्रवासात काही मोडलं असं समजू नका. विषुववृत्ताकडे जाताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं, आणि तोच लंबक सावकाश हलतो. 1672 साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे या वादात तो पहिल्या पुराव्यांपैकी एक ठरला. डर्बीहून मुंबईला गेलेला लंबक पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास आखूड करावा लागतो. तेवढी जागा नटाच्या आट्यांवर असते.

पाठवताना लंबक, दोन्ही वजनं, वरची टोपी, यंत्र, सगळं वेगवेगळं बांधा. दोऱ्या पिंपावर चिकटपट्टीने धरून ठेवा, नाहीतर सैल पडून चाकांत गुंततात. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो ती पट्टी सगळ्यात नाजूक, ती मुडपली तर बदलावीच लागते, म्हणून तिला पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधे बांधा. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत पेटीवरचे लाकडी पापुद्रे सुटू शकतात, कारण जुना प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा सरस दमटपणाने मऊ होतो. बाहेरच्या भिंतीला लावू नका, ओल धरते. आतली विटांची भिंत निवडा, फरशीवर पेटी ओळंब्यात आणा, आणि मागच्या फळीतल्या त्याच जुन्या भोकातून स्क्रू घ्या. मुंबई-पुण्याच्या घरांत फरशी पक्की आणि गालिचा नाही, त्यामुळे पायांखाली चकत्या बहुधा लागणार नाहीत. भिंतीचा स्क्रू मात्र तिथेही लागेल, कारण फरशी कितीही घट्ट असली तरी साडेसहा-सात फुटांची अरुंद पेटी वरच्या टोकाला हलतेच.